तुमचं नाव अवैध आहे! फॉर्ममधलं व्हॅलिडेशन (भरलेल्या माहितीची तपासणी) नक्की कुठे थांबवायचं?

विरार_फास्ट (धागाकर्ता)
रविवार, रात्री ११.२०

मंडळी, मी फॉर्म बनवतो. पोटापाण्याचा धंदाच तो. मरोळला आमचं छोटं ऑफिस आहे आणि गेलं दीड वर्ष हाऊसिंग सोसायट्यांच्या एका ॲपवर काम चालू आहे. सभासद, भाडेकरू, गाड्या, मेंटेनन्सच्या पावत्या, सगळं त्यात. बोरिवलीच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी महिनाभर मागे लागले होते, की आमच्या ज्येष्ठांना तो फॉर्म भरता येत नाही, कुणाला तरी पाठवा. आज सुट्टीच्या दिवशी तो 'कुणीतरी' मी होतो. सोसायटीच्या ऑफिसात कॅरमबोर्ड भिंतीला टेकवून केलेल्या जागेत दहा ते दीड बसलो.

मी लिहिलेला फॉर्म दुसरं कुणी भरताना शेजारी बसून पाहायची ही पहिलीच वेळ. दीड वर्षात! हे वाक्य लिहितानाही कसंतरी होतंय.

पहिल्याच आल्या एक आजी, आडनाव डि'मेलो. रोमनमध्ये आडनाव टाकलं, डीनंतरच्या त्या ॲपॉस्ट्रॉफीसकट. लाल चौकट, खाली 'कृपया वैध नाव टाका'. आजींनी चष्मा वर केला, परत वाचलं, खूण काढली, हिरवं झालं. मग मला विचारतात, "बाळा, माझ्या सगळ्या कागदांवर ही खूण आहे. उद्या नाव जुळत नाही म्हणून तूच मला परत पाठवशील ना?" मी "नाही नाही आजी" म्हणालो खरा, पण पाठवू. म्हणजे आमचंच दुसरं स्क्रीन पाठवेल.

मग एक काका. फोन पूर्ण मराठीत. मोबाईल नंबर देवनागरी आकड्यांत टाकला, दहाच्या दहा बरोबर. फॉर्म म्हणतो 'फक्त अंक टाका'. काका स्क्रीन माझ्याकडे फिरवून म्हणाले, "मग हे काय, भाज्या आहेत?"

मग एक भाडेकरू मुलगा. त्याचा नंबर सहापासून सुरू होतो. आमच्या तपासणीत पहिला आकडा सात, आठ किंवा नऊ. सहाचे नंबर बाजारात येऊन कित्येक वर्षं झाली, आमच्या कोडला पत्ता नाही. मुलगा अजिबात चिडला नाही, तेच जास्त लागलं. "चालतं सर, सवय आहे, मी आईचा नंबर टाकतो." आता त्याच्याकडे पाहुणा आला की गेटवरचा ओटीपी साताऱ्याला जाणार.

फ्लॅट नंबरमध्ये तिरकी रेघ चालत नाही, हे तर सांगतच नाही. अर्धी मुंबई बी/१०४ मध्ये राहते.

ही नियमावली कुणी लिहिली म्हणून घरी येऊन जुना कोड उघडला. मीच. कुठून तरी उचलून चिकटवली होती. तर प्रश्न असा: तुम्ही काय तपासता, काय सोडता, आणि कुठे थांबता?


चहाटळ_क्यूए
रविवार, रात्री ११.५२

पहिला प्रतिसाद माझा, कारण पाप माझ्याही पदरात आहे. टेस्टिंग करताना मी नावात काय टाकते? 'टेस्ट टेस्ट'. मोबाईल? ९८७६५४३२१०. पत्ता? 'एबीसी'. ही माणसं तुमच्या नियमांत अगदी चपखल बसतात, म्हणून फॉर्म पास. डि'मेलो आजी आमच्या टेस्ट केसमध्ये कधी आल्याच नाहीत.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण पैज लावते, तुमचा फॉर्म पहिलं अक्षर टाईप करताच लाल होत असणार. ईमेलचं एक अक्षर टाकलं की 'अवैध ईमेल'. अहो, लिहू तर द्या! माणूस त्या चौकटीतून बाहेर पडला की मग तपासा. आणि एकदा लाल झाल्यावर मात्र उलटं करा: तो दुरुस्त करत असताना प्रत्येक अक्षराला तपासत राहा, म्हणजे चूक सुधारली त्या क्षणी लाल जाईल. बोलणी खायला उशीर, शाबासकी लगेच.

आणि 'अवैध' हा शब्द काढा हो. 'मोबाईल नंबर १० आकडी हवा, तुम्ही ९ आकडे टाकलेत' हे सांगायला काय पैसे पडतात? नऊ आहेत हे फॉर्मला माहीत असतं, तरी सांगत नाही. घरी पण असा एकजण आहे, पण ते अवांतर.


जुना_डीबीए
सोमवार, सकाळी ८.१५

लोकल कांजूरला थांबली आहे, तेवढ्यात लिहितो.

सगळ्यांना आजींचा कळवळा आला, छान. पण मोकळं सोडलेल्या फॉर्मचं उष्टं आम्हा डेटाबेस सांभाळणाऱ्यांना काढावं लागतं. माझ्याकडच्या एका टेबलात शहराच्या रकान्यात मुंबई आहे, मुम्बई आहे, बॉम्बे आहे, बंबई आहे, मुंबईनंतर एक रिकामी जागा असलेली वेगळी मुंबई आहे, आणि 'अंधेरीला' असंही आहे. जन्मसाल १९०० ची माणसं शेकड्यांनी. मोबाईल ९९९९९९९९९९. आडनावाच्या जागी नुसता ठिपका. यातून रिपोर्ट काढून दाखवा, मग कळवळ्याबद्दल बोलू. कडक ठेवा.

दोन गोष्टी मात्र धागाकर्त्यासाठी.

एक, ब्राउझरमधलं व्हॅलिडेशन हे सौजन्य आहे, कुलूप नव्हे. तुमचं पान न उघडता थेट सर्व्हरला डेटा पाठवणं हा पाच मिनिटांचा उद्योग आहे. त्यामुळे ब्राउझरमध्ये जे तपासलं ते सर्व्हरवर पुन्हा तपासायचंच, आणि दोन्हीकडचे नियम एकाच जागेवरून यायला हवेत. नाहीतर ब्राउझर हो म्हणतो, सर्व्हर नाही म्हणतो, आणि माणूस मध्ये लटकतो.

दोन, ॲपॉस्ट्रॉफीवरची बंदी कुठून आली ते सांगतो. नावातली ती खूण एसक्यूएलच्या (डेटाबेसशी बोलायच्या भाषेच्या) वाक्यात शिरली की तिथेच अवतरण बंद होतं, आणि पुढचा मजकूर आज्ञा म्हणून चालू शकतो. त्या भीतीने कुणीतरी खूणच बंद केली. याचा उपाय पॅरामीटराइज्ड क्वेरी. वाक्य वेगळं, मजकूर वेगळा, डेटाबेसला दोन्ही स्वतंत्र मिळतात. मग आजींनी वाटेल ते आडनाव लावावं. दार नीट लागत नाही म्हणून वसईच्या लोकांना घरात न घेणं हा इलाज नव्हे.

गाडी सुटली.


झेरॉक्सवाला_घाटकोपर
सोमवार, दुपारी २.०५

डीबीए साहेब, तुमच्या टेबलातला तो ठिपका आमच्या दुकानातून येतो. नमस्कार.

सांगतो. आमचं झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाईन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक उभं असतं, मागे सहा जणांची लाईन. आता एखाद्या बाईंना आडनावच नाही. कागदावर एकच नाव. फॉर्ममध्ये आडनावाला लाल चांदणी. भरल्याशिवाय पुढे जात नाही. मी काय करू, त्यांचं बारसं करू? ठिपका टाकतो. ठिपका घेत नसेल तर पहिलं नाव परत टाकतो. ते पण 'दोन्ही नावं सारखी' म्हणून घेतलं नाही, तर 'एनए'. अशा किती 'एनए' आडनावाच्या बायका सरकार दरबारी असतील देव जाणे.

ईमेल कंपल्सरी? साठीच्या माणसाचा ईमेल? दुकानाचा टाकतो. पुढे त्या माणसाला आलेलं पत्र मला येतं, आणि मी त्याला शोधत फिरत नाही.

जन्मतारीख. वयस्कर माणसांत १ जून ढिगाने असते, शाळेत घालताना मास्तरांनी लावलेली. एकदा दोन चुलतभाऊ आले. आडनाव एक, पत्ता एक, मास्तर एक, त्यामुळे तारीख एक आणि सालही एक. दुसऱ्याला फॉर्म म्हणतो, तुमची नोंद आधीच झाली आहे. तो म्हातारा मला विचारतो, मी कधी केली?

आणि फोटो ५० केबीच्या आत, सही २० केबीच्या आत, हे कळतं कधी? सगळं भरून, कॅप्चा टाकून, सबमिट दाबल्यावर. मग पान परत उघडतं, कोरं. सगळं परत. तुम्ही लोक जितकं कडक कराल तितका आमचा धंदा चालतो, म्हणून तक्रार नाही. फक्त ठिपक्याबद्दल आम्हाला बोलू नका.


जुना_डीबीए
सोमवार, दुपारी २.३१

इतकी वर्षं मी तो ठिपका पुसतोय, आणि आज तो मला नमस्कार करतोय!

मान्य. म्हणजे माझ्याकडचा कचरा मोकळ्या फॉर्ममुळे आला असं मी समजत होतो, आणि त्यातला निम्मा कडक फॉर्ममुळे आलेला आहे. हे पचायला जरा वेळ लागेल.


खिडकीतून_पाय
सोमवार, दुपारी २.४०

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. वाखु (वाचनखूण) साठवली.


गणिताचा_तास
सोमवार, संध्याकाळी ७.१०

मला वाटतं कडक की मोकळं हा वाद फील्ड बघून करायला हवा. काही गोष्टी माणूस घरून घेऊन येतो: नाव, आडनाव, पत्ता. त्यांना कुणी घडवताना नियम लावला नव्हता. काही गोष्टी मशीनने छापून दिलेल्या असतात, त्यांना आतून शिवण असते. ती शिवण खुशाल ओढून बघा.

पॅन घ्या. दहा खुणा: पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. चौथं अक्षर धारक कोण ते सांगतं, व्यक्ती असेल तर पी, कंपनी असेल तर सी. व्यक्तीच्या बाबतीत पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं. आता हे वाचून कुणीतरी पाचवं अक्षर आडनावाशी ताडून अडवायला लागेल, तर लग्नानंतर आडनाव बदललेल्या निम्म्या बायका बाहेर! पॅन तोच राहतो, आडनाव बदलतं. शिवण ओढायची, कापड फाडायचं नाही.

आयएफएससी, म्हणजे बँकेच्या शाखेचा कोड: अकरा खुणा, पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं नेहमी शून्य. लोक तिथे हमखास इंग्रजी 'ओ' टाकतात, कारण आधीची चार अक्षरंच असतात, हात अक्षरांच्या लयीत असतो. तिथे शून्याशिवाय काही असूच शकत नाही, मग भांडता कशाला? गुपचूप शून्य करा.

जीएसटी क्रमांकात पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राला २७, पुढे दहा खुणांचा पॅन, आणि पंधरावी खूण तपासणीची.

सगळ्यात सुंदर प्रकरण आधारचं. बारा आकडे, पहिला कधी ० किंवा १ नसतो, आणि शेवटचा आकडा आधीच्या अकरांवरून निघतो. ती पद्धत याकोबस व्हेरहूफ या डच गणितज्ञाची, १९६९ ची. एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले, तर ती पकडतेच. डेबिट-क्रेडिट कार्डावर त्याहून जुनी लूनची पद्धत आहे, आणि तिला एक भोक आहे. लूनमध्ये एक आड एक आकड्याची दुप्पट करतात, दोन आकडी आली तर त्या दोहोंची बेरीज. ९ ची दुप्पट १८, एक अधिक आठ परत ९. शून्याची दुप्पट शून्य. म्हणजे दुप्पट करा न करा, ९ चे ९ आणि ० चे ०. त्यामुळे कुणी ०९ ऐवजी ९० टाकलं तर लूनला पत्ताच लागत नाही. व्हेरहूफ त्यालाही पकडतो.

अर्थात ही तपासणी पास होणं म्हणजे तो क्रमांक कुणाला दिलेला आहे असं नव्हे. टाईप करताना बोट घसरलं नाही, एवढंच.

बँक खात्याच्या क्रमांकाला सगळ्या बँकांत मिळून अशी एक शिवण नाही. म्हणून तो दोनदा टाकायला लावतात, ते ठीक. पण दुसऱ्या चौकटीत पेस्ट बंद करणारा माणूस मला एकदा भेटायचाय.


विरार_फास्ट
सोमवार, रात्री ९.४५

पेस्ट बंद मी पण केलंय. पळतो.

गंमत बघा, आमच्या फॉर्ममध्ये नावावर सात नियम आहेत आणि आधारवर एकच, बारा आकडे. बरोब्बर उलटं.


जुना_डीबीए
सोमवार, रात्री ९.५८

आधी हे सांगा, सोसायटीच्या ॲपला आधार क्रमांक हवा कशाला? जे मागितलंच नाही ते तपासावं लागत नाही, सांभाळावं लागत नाही, आणि चोरीलाही जात नाही.


रफार_आणि_मात्रा
मंगळवार, सकाळी १०.२०

भाज्यावाल्या काकांसाठी आले.

यूनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या खुणांना संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या यादीत, देवनागरीचे ० ते ९ ओळीने सलग ठेवलेले आहेत. त्यामुळे त्यांचे रोमन आकडे करणं म्हणजे एक वजाबाकी. ती तपासणीच्या आधी करा. गंमत अशी, की ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टची 'अंक' ही व्याख्या फक्त रोमन आकडे ओळखते, आणि सर्व्हरवर पायथॉन ही भाषा असेल तर ती देवनागरी आकडेही अंक म्हणून निमूट घेतो. म्हणजे वेबवर काका अडतात, पण मोबाईल ॲपमधून थेट सर्व्हरला गेले तर आत जातात, तसेच साठवले जातात, आणि मग एसएमएस पाठवणारी यंत्रणा त्या नंबरपुढे हात टेकते.

आता नाव. धागाकर्त्याने 'ए ते झेड' काढून त्याजागी 'कुठल्याही भाषेचं अक्षर' असा नियम टाकला तर त्याला वाटेल मराठी आली. नाही येत. 'कांबळे' टाकून बघा. यूनिकोडच्या हिशोबात त्यात सहा खुणा आहेत: क, काना, अनुस्वार, ब, ळ, मात्रा. त्यातली 'अक्षरं' तीनच. काना, अनुस्वार आणि मात्रा 'चिन्ह' नावाच्या वेगळ्या गटात बसतात. म्हणजे तो नियम 'कबळ' घेईल आणि कांबळेंना हाकलेल. चिन्हांचा गट वेगळा मागावा लागतो.

लांबीचंही तसंच. 'ज्योत्स्ना' डोळ्याला दोन अक्षरं दिसतात, ज्यो आणि त्स्ना. यूनिकोडच्या खुणा मोजल्या तर दहा, कारण प्रत्येक हलन्त वेगळा मोजला जातो. आणि यूटीएफ-८ मध्ये (यूनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) साठवताना प्रत्येक खुणेला तीन बाइट, म्हणजे तीस. फॉर्मची मर्यादा एका हिशोबात आणि डेटाबेसची दुसऱ्या हिशोबात असली, की नाव शेपटीकडून तुटतं.

शेवटचं, आणि माझ्या जिव्हाळ्याचं. 'न दिसणाऱ्या खुणा काढून टाका' असा सल्ला बरेच जण देतात. आपल्या 'ऱ्य', 'ऱ्ह' मधल्या अर्ध्या र साठी काही कीबोर्ड र, हलन्त आणि एक न दिसणारा जोडक घालतात. तो जोडक साफसफाईत गेला की 'दऱ्या'चं 'दर्या' होतं. डोंगरातून थेट समुद्रात. कऱ्हाडे आडनावाच्या माणसाला विचारा. साफ करायचंच असेल तर आधी यूनिकोडचं नॉर्मलायझेशन करा (एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं असेल तर ते एकसारखं करणं), आणि तो जोडक दोन व्यंजनांच्या मध्ये असेल तर त्याला हात लावू नका.


कानाने_वाचतो
मंगळवार, दुपारी १२.०५

वरच्या सगळ्या चर्चेत 'लाल झालं', 'हिरवं झालं' असं येतंय. मला दिसत नाही. मी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर लावून तुमचा फॉर्म ऐकतो.

माझ्याकडे काय होतं ते सांगतो. सबमिट दाबतो. काहीच ऐकू येत नाही. परत दाबतो. काहीच नाही. दहा मिनिटांनी दादरच्या ऑफिसातल्या कुणाला तरी हाक मारतो, तो म्हणतो, "अरे, वर कोपऱ्यात पट्टी येतेय तीन सेकंद, फॉर्ममध्ये चुका आहेत म्हणून." कुठल्या चुका? एकवीस चौकटी आहेत. एकेक टॅब मारत परत सगळ्या ऐकायच्या, आणि तरी कळत नाही, कारण चूक फक्त रंगात आहे.

फार काही लागत नाही हो. चूक सांगणारं वाक्य त्या चौकटीशी कोडमध्ये जोडा, म्हणजे मी चौकटीत पोचलो की स्क्रीन रीडर नाव आणि चूक एकदमच वाचतो. चौकट चुकीची आहे ही खूणही कोडमध्ये द्या, त्यासाठी तयार गुणधर्म आहेत. सबमिटनंतर कर्सर पहिल्या चुकीवर नेऊन ठेवा. वेबच्या सुगम्यता निकषांत, डब्ल्यूसीएजीमध्ये, चूक मजकुरात सांगा आणि नुसत्या रंगावर विसंबू नका, हे दोन्ही अगदी प्राथमिक पातळीवर लिहिलेलं आहे.

आणि चौकटीच्या आत फिकट अक्षरांत 'तुमचे नाव' लिहून वरचं लेबल वाचवणाऱ्यांना माझा वेगळा निरोप आहे, तो इथे लिहिता येणार नाही.


चहाटळ_क्यूए
मंगळवार, दुपारी १२.३०

ती तीन सेकंदांची पट्टी आमच्याकडे आहे. आजच बग टाकते. आभार नाही मानत, लाज वाटतेय.


टपालकाका
मंगळवार, दुपारी ४.५०

मी टपाल खात्यातून निवृत्त. तुमच्या कोडमधलं कळत नाही, पण पिनकोडबद्दल बोलायचा हक्क राखून ठेवतो.

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर, आपल्या कोकणातले, वेळणेश्वरचे. संस्कृतचे कवी होते. सहा आकड्यांत देश बसवणारा माणूस संस्कृत कवी होता याचं मला अजून कौतुक वाटतं. छंदात बसवायची सवय असणार.

पहिला आकडा विभागाचा, तो कधी शून्य नसतो. पण मुलाने मला कुठलासा फॉर्म दाखवला, त्यात ४०० टाकताच शहर आपोआप 'मुंबई' येतं आणि बदलता येत नाही. अहो, ठाण्याचा ४०० ६०१ आहे, वाशीचा ४०० ७०३ आहे. ठाणेकराला मुंबईकर म्हणून पत्र पाठवून बघा, पत्राचं उत्तर येणार नाही, माणूस येईल. टपालाचा जिल्हा आणि महापालिकेची हद्द यांचं एकमेकांशी लग्न झालेलं नाही. सुचवा, पण बदलू द्या.

दुसरं, आम्ही पिनकोड नेहमी तीन आकडे, जागा, तीन आकडे असा लिहितो. ४०० ०६९. पाकिटावर तसाच शोभतो. तो तसा चिकटवला तर फॉर्ममध्ये ४०० ०६ एवढाच राहतो, आणि वर मलाच म्हणतो की पिनकोड सहा आकडी हवा.


विरार_फास्ट
मंगळवार, संध्याकाळी ५.१५

काका, हे आत्ता आमच्यावर करून बघितलं. तंतोतंत. चौकटीला कमाल लांबी सहा दिली आहे, जागा धरून सातवी खूण झाली, ब्राउझरने शेवटचा ९ कापला, आणि मग आमच्या तपासणीने तुम्हालाच झापलं. आम्हीच कापायचं आणि आम्हीच ओरडायचं. कमाल लांबी काढतोय, जागा आणि डॅश आधी साफ करून मग मोजतोय. मोबाईललाही तेच, लोक व्हॉट्सॲपवरून अधिक ९१ सकट आणतात.


दीड_दाताची_आई
मंगळवार, रात्री १०.३०

बाळ झोपलं, म्हणून आले.

राज्य सरकारच्या निर्णयानुसार १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव येतं. बाळाचं, आईचं, वडिलांचं, मग आडनाव. माझी लेक त्यातलीच. दाखला आला तेव्हा मी त्याचा फोटो काढून सगळ्या घराला पाठवला होता.

परवा एका पाळणाघराचा ऑनलाईन फॉर्म भरला. पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव. मधल्या नावात जागा चालत नाही, 'एकच शब्द टाका'. म्हणजे आता आमच्यापैकी एकाने बाहेर पडायचं. नवरा म्हणाला तू टाक, मी म्हटलं दाखल्यावर दोघं आहेत. शेवटी दोघांची नावं चिकटवून एक शब्द केला. तसला माणूस जगात नाही, पण फॉर्मला तो वैध वाटला.


जुना_डीबीए
बुधवार, सकाळी ८.२०

आज गाडी विद्याविहारला.

माझं मत बदललंय, पण पूर्ण नाही. असं करा. नावासाठी एकच मोठी चौकट ठेवा, 'कागदपत्रांवर आहे तसं पूर्ण नाव'. ती जशीच्या तशी साठवा, तिला हात लावू नका. शोधण्यासाठी, जुळवण्यासाठी दुसरा रकाना तुम्ही स्वतः तयार करा, त्यात खुणा काढा, जागा काढा, वाट्टेल ते करा, तो माणसाला कधी दिसत नाही. आणि ज्या ज्या ठिकाणी तुम्हाला नुसता संशय आहे, खात्री नाही, तिथे अडवू नका, विचारा. 'नाव एकाच शब्दाचं आहे, बरोबर ना?' खाली बटण, 'हो, असंच आहे'. ते बटण दाबलेल्यांच्या नोंदी मला वेगळ्या द्या, मी बघतो. मला ठिपक्यापेक्षा ते परवडेल.

जन्मसाल १९०० मात्र अडवा. त्याला मी माफी देणार नाही.


झेरॉक्सवाला_घाटकोपर
बुधवार, सकाळी ११.००

जन्मसालाच्या ड्रॉपडाऊनमध्ये १९०० हे पहिलंच साल ठेवता, म्हणून येतं ते. माणूस निवडत नाही, ते आधीच निवडलेलं असतं.


जुना_डीबीए
बुधवार, सकाळी ११.०४

...


विरार_फास्ट
शुक्रवार, रात्री ११.४०

अपडेट देतो, नाहीतर धागा वर काढून विचाराल.

काल रिलीज केला. देवनागरी आकडे आधी बदलून घेतो. सहाचे नंबर चालतात. आधारची चौकटच काढली. पेस्ट उघडलं. चूक सांगणारं वाक्य चौकटीला जोडलं, एनव्हीडीए लावून डोळे मिटून स्वतः भरून बघितलं, तीनदा हरवलो, मग जमलं. जन्मसाल आता टाईप करायचं आहे. फ्लॅट नंबरवर काही नियम नाही.

नावावरची तपासणी सगळी काढणार होतो. साहेब म्हणाले, नावावर काहीच चेक नाही असं क्लायंटला कसं सांगू? घासाघीस करून अक्षरं, चिन्हं, जागा, टिंब, डॅश आणि ॲपॉस्ट्रॉफी, एवढ्यावर तोडपाणी झालं. आजींचं नाव मी स्वतः लॅपटॉपवर टाकून पाहिलं. हिरवं. आज मोठ्या उत्साहात आजींना फोन केला, परत एकदा भरा म्हणून.

आजींनी नातवाच्या आयफोनवरून भरला. 'या नावातील काही खुणा चालत नाहीत.'

तासभर डोकं फोडलं. सेटिंग बदललं नसेल तर आयफोनचा कीबोर्ड सरळ ॲपॉस्ट्रॉफी टाकत नाही, तो आपणहून वळलेली टाकतो. यूनिकोडमध्ये ती वेगळीच खूण आहे. मी सरळ तेवढी परवानगी दिली होती.


झेरॉक्सवाला_घाटकोपर
शुक्रवार, रात्री ११.४८

आजींना इकडे पाठवा. वीस रुपये.